पिवळा रेनकोट

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारची आरती आटोपून आम्ही बहिणीच्या घरी सोप्यावर बसलो होतो. घुमटे वाजवून मुलांचे तळवे लाल झाले होते, गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीतले आंबाडे पिकायला लागल्याचा आंबट वास उदबत्तीच्या वासात मिसळला होता आणि बाहेर पाऊस पडावे की न पडावे अशा विचारात रेंगाळत होता. भाच्याने आरतीपुरते नेसलेले सोवळे सोडून काळा टी-शर्ट चढवला होता. त्याच्यावर एका तरुणाचा चेहरा छापलेला होता, डोक्याला बांधलेल्या रुमालाची गाठ पुढे कपाळावर आलेली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असे टी-शर्ट दोरीवर टांगलेले असतात आणि त्यांवरच्या चेहऱ्यांची नावे विकणाऱ्याला ठाऊक असतीलच असे नाही. बहिणीच्या सासऱ्यांनी नेवरी मोडता मोडता त्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "हो कोण रे? मेल्लो काय जितो आसा?" त्यांच्या पिढीला हा प्रश्न स्वाभाविक वाटतो, कारण घरात कोणाची तसबीर लागली म्हणजे पहिल्यांदा तेवढेच विचारायचे असते. भाचा म्हणाला, "आजो, हो टुपाक. सगळे म्हणटात मेल्लो म्हूण, पूण तो मरूंक ना. लिपून आसा."

मला हसू आले. वर्तमानपत्रात तीस वर्षे काढलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. मी त्याला या अमेरिकन रॅप गायकाच्या खुनाची तारीख सांगितली, गाव सांगितले, गाडीचा रंग सांगितला, प्रेताचे दहन झाल्याचे सांगितले आणि शेवटी, विचारलेले नसताना, कोणी मारले तेही सांगून टाकले. जणू गोळी सुटली तेव्हा मी त्या चौकात उभा होतो. भाच्याने शांतपणे ऐकून घेतले. नंतर त्याने कसलाही खवचटपणा न ठेवता, खरोखरच माहिती हवी असल्यासारखे विचारले, "मामा, तूं थंय आशिल्लो?"

मी पाणी प्यायला आत गेलो.

हाच प्रश्न मला यापूर्वी एकदा विचारला गेला होता, त्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो आणि माझे उत्तर होकारार्थी होते. त्याकडे येतोच. आधी त्या चेहऱ्याविषयी, कारण त्याचा मृत्यू गोव्यातल्या मराठी वाचकांपर्यंत पोहोचवण्यात माझाही चार ओळींचा वाटा आहे. १९९६ साली मी पणजीतल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. सप्टेंबरच्या त्या शनिवारी दुपारी ड्यूटीवर गेलो तेव्हा वृत्तसंस्थेच्या कागदाच्या भेंडोळ्यात ती बातमी होती: लास वेगासमध्ये ७ सप्टेंबरला गोळीबारात जखमी झालेला रॅप गायक टुपाक शकूर १३ तारखेला रुग्णालयात मरण पावला, वय २५. टेबलावरच्या कोणालाही रॅप म्हणजे काय ते धड सांगता येत नव्हते. परदेश पानाच्या तळाशी जागा उरली होती म्हणून मी ती चार ओळींत बसवली. पुढच्या मार्चमध्ये, काजूच्या भट्ट्या पेटलेल्या असताना, एका रविवारी संध्याकाळी तसेच दुसरे भेंडोळे आले. क्रिस्टोफर वॉलेस ऊर्फ द नटोरियस बी. आय. जी., हाही रॅप गायक, वय २४, लॉस एंजेलिसमध्ये ९ मार्चच्या मध्यरात्रीनंतर गोळ्या झाडून ठार. दोन्ही वेळा गाडी सिग्नलला थांबलेली, दोन्ही वेळा शेजारी दुसरी गाडी येऊन थांबलेली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "म्हणजे एकाचा बदला दुसऱ्याने घेतला." मी मान डोलावली. सहा महिने आणि दोन भेंडोळी एवढ्या भांडवलावर आमचा तपास पूर्ण झाला होता.

पुढे इंटरनेट आले आणि रात्रपाळीच्या रिकाम्या तासांत मी या दोन खुनांविषयी मिळेल ते वाचू लागलो. हे वाचन व्यसनासारखे असते, हे कबूल केले पाहिजे. टुपाक जिवंत आहे असे मानणाऱ्यांचा डोलारा सात या आकड्यावर उभा आहे. गोळी लागली सात तारखेला. मृत्यूची नोंद ४ वाजून ३ मिनिटांची, म्हणजे बेरीज सात. वय २५, म्हणजे पुन्हा सात. मृत्यूनंतर आठ आठवड्यांत निघालेल्या संग्रहाच्या नावातही सात दिवस आणि त्यावर गायकाचे नाव बदललेले, मॅकियाव्हेली या जुन्या इटालियन लेखकावरून घेतलेले. मॅकियाव्हेलीने स्वतःच्या मरणाचे सोंग केले होते अशी एक दंतकथा त्याला जोडली की काम झाले. मॅकियाव्हेली १५२७ मध्ये साध्या माणसासारखा मेला, याने काही फरक पडत नाही. २०११ च्या मे महिन्यात काही हॅकरांनी अमेरिकेतल्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीच्या संकेतस्थळात शिरून टुपाक न्यूझीलंडमध्ये सापडल्याची खोटी बातमी चढवली. ती खोटी असल्याचे वाहिनीने लगेच सांगितले, तर ज्यांना हवे होते त्यांना त्या खुलाशातच पुरावा दिसला. आमच्याकडे एखाद्या संन्याशाला समाधी घेतल्यानंतरही पलीकडच्या गावात भिक्षा मागताना पाहिले असे सांगणारे लोक असत आणि त्यांना कोणी खोटारडे म्हणत नसे. मला वाटते, या 'लिपून आसा' म्हणण्यात शोक बराच आहे आणि संशय कमी. पंचवीस हे काही मरायचे वय नव्हे.

कट शोधणारी दुसरी जात वेगळी आहे. तिला मेलेला माणूस परत नको असतो, मारणारा हवा असतो. या जातीतला पहिला माणूस कोण, याचा विचार करताना मी एकदा चमकून थांबलो होतो, कारण तो माणूस टुपाक स्वतःच आहे. ३० नोव्हेंबर १९९४ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये एका ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या इमारतीत, लिफ्टपाशी, त्याच्यावर हल्ला झाला. पाच गोळ्या लागून तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःवरच्या एका वेगळ्या खटल्यासाठी चाकांच्या खुर्चीत बसून न्यायालयात हजर झाला. हल्ला झाला तेव्हा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर वॉलेस होता, त्याचा मित्र. हल्ला कोणी घडवून आणला हे टुपाकला ठाऊक नव्हते. मित्र वर होता एवढेच ठाऊक होते. तुरुंगातल्या लांब रात्रींत त्याने ते दोन तुकडे जोडले, मुलाखतीत बोलून दाखवले आणि पुढे गाण्यांतून जगाला ऐकवले. वॉलेस अखेरपर्यंत नाकारत राहिला. नाकारणे हे अशा वेळी अगदी दुबळे हत्यार असते, कारण अपराधी आणि निरपराध दोघेही तेच एक वाक्य म्हणतात. टुपाक गेल्यावर ज्या मित्राकडे त्याने बोट दाखवले होते त्याच्याकडे अर्ध्या जगाने पाहिले आणि सहा महिन्यांत तोही गेला. त्याला त्या बोटामुळेच मारले असे मी म्हणणार नाही, कारण ते म्हणणे म्हणजे पुन्हा तेच करणे झाले. वॉलेसच्या खुनाबद्दल आजवर कोणावरही आरोपपत्र ठेवले गेलेले नाही. टुपाकच्या खुनासाठी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, सत्तावीस वर्षांनी, एका माणसाला अटक झाली. त्याने स्वतःच त्या गाडीत असल्याचे मुलाखतींत आणि पुस्तकात सांगितलेले होते, मात्र न्यायालयात त्याने आरोप नाकारले आहेत. भाच्यापुढे मी छातीठोकपणे घेतलेली नावे त्यांच्याच आसपासची होती. ती इथे लिहीत नाही.

वॉलेसच्या खुनातला एक तपशील मात्र मला कधी सोडून गेला नाही. विल्शायर बुलेव्हार्डवर एका मोटार-संग्रहालयात मेजवानी होती. ती आटोपून निघालेली गाडी काही यार्डांवर तांबड्या दिव्यापाशी थांबली, शेजारी गडद रंगाची शेव्हरोले इम्पाला आली आणि चालकाने खिडकीतून पिस्तूल चालवले. जवळच्यांनी सांगितले, मारणाऱ्याने निळा सूट आणि गळ्यात बो-टाय घातला होता. मध्यरात्र उलटलेली, काच, धूर, आरडाओरडा, आणि आठवणीत राहिला तो बो-टाय. त्या एका कापडाच्या तुकड्यावरून एका अख्ख्या धार्मिक संघटनेवर संशय गेला, कारण तिचे अनुयायी तसा वेष करतात. मग तो वेष मुद्दाम केला असेल असे म्हणणारे आले. मग पोलिसांतलेच कोणी असतील असे म्हणणारे. बो-टाय खरोखरच होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही. अंधारात दिसलेली वस्तू कशी वाढते, एवढे मात्र मी सांगू शकतो.

आमचे मूळचे गाव मांडवीच्या एका फाट्यावर आहे. गावाला खाजन, म्हणजे खाडीकाठची खारी, शेते आहेत, बांध आहे आणि बांधात मानस, म्हणजे पाणी आतबाहेर करणारे दार, आहे. भरतीचे पाणी दाबले की मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. उघडत्या दारापाशी रात्री जाळे लावले की सुंगटे, शेवटे, काळुंद्रे असे हवे ते मिळते, म्हणून त्या जागेची दर वर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि पावणीत हरलेला जिंकलेल्याशी वर्षभर बोलत नाही. १९७६ च्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सकाळी, मानशीवर राखणीला बसणारा माणूस दारांच्या आतल्या बाजूला पाण्यात उताणा सापडला. डोक्याला खोक होती. ती चिऱ्यावर आपटून झालेली असू शकत होती. तो काजूची घेत असे, हे सगळ्यांना ठाऊक होते. पंचनामा झाला, डॉक्टरांनी बुडून मृत्यू असे लिहिले. पण त्या वर्षीच्या पावणीवरून गावात दोन तट पडले होते आणि बुडून मृत्यू हे वाक्य दोन्ही तटांना पचणारे नव्हते.

आदल्या रात्री मी लघवीला उठलो होतो. मागल्या दारातून लांबवर बांध दिसतो आणि त्या रात्री बांधावर एक उजेड चालत जाताना मला दिसला. एवढेच. ओहोटीच्या रात्री बांधावर उजेड दिसला नाही तरच नवल, हे कोणत्याही शहाण्या माणसाने मला सांगायला हवे होते. मी ती गोष्ट शाळेत एकाला सांगितली. दुसऱ्याला सांगताना उजेडाला हात आला, तिसऱ्याला सांगताना हाताला बाही आणि बाहीला रंग आला. संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात मोठ्या माणसांनी मला मधोमध बसवले, कोणीतरी माझ्या हातात सोड्याची बाटली दिली, गोटी आत ढकलल्याचा तो थंड फसकारा मला अजून ऐकू येतो, आणि एकाने विचारले, "तूं थंय आशिल्लो?" एवढी माणसे माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती. मी सांगितले की उजेड घेऊन जाणाऱ्याच्या अंगात पिवळा रेनकोट होता.

गावात पिवळा रेनकोट एकच होता आणि तो पोसऱ्यात, म्हणजे गावच्या किराणा दुकानात, वजनकाट्याच्या वरच्या खिळ्याला टांगलेला असे.

पोसरकार पावणीत हरलेल्या तटाचा. त्याच्यावर कोणी फिर्याद केली नाही, कोणी हातही उगारला नाही. पोलीस एकदा येऊन चहा पिऊन गेले. पण लोक मीठमिरची आणायला फर्लांगभर लांबच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. उधारीच्या वहीतली माणसे आधी बंद झाली, मग रोखीची. मला आईने एकदा घासलेटाला पाठवले, कारण दुसरीकडे ते संपले होते, आणि मी नाइलाजाने त्या फळकुटावर जाऊन उभा राहिलो. दुकानात कोणी नव्हते. उघड्या पोत्यातले मीठ ओल धरून दगडासारखे झाले होते. खिळा रिकामा होता. साखरेचे पोते पिवळ्या कापडाने झाकले होते. त्याने रेनकोट उसवून त्याच्या चौकोनी पट्ट्या केल्या होत्या आणि एका पट्टीवर बटणाचे काज तसेच राहिले होते. त्याने बाटली भरली, नरसाळे झटकले, उरलेले पैसे मोजून फळकुटावर ठेवले. पाच पैसे जास्त होते, ते त्याने परत ओढून घेतले. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. दिवाळीनंतर तो बिऱ्हाड घेऊन बेळगावकडे गेला असे कानावर आले. तो राखणदार कशाने मेला हे आजही कोणाला ठाऊक नाही.

असे असूनही कट शोधणाऱ्यांना वेडे ठरवून मोकळे होणे मला जमत नाही. टुपाकच्या आईवर, अफेनी शकूरवर, ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेतल्या इतर वीस जणांबरोबर कटाचा आरोप ठेवला गेला होता. तिने स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि १९७१ च्या मे महिन्यात खटला चाललेले सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर महिन्याभराने टुपाक जन्मला. त्याच काळात एफबीआय चळवळीतल्या संघटनांमध्ये हेर पेरत होती, बनावट पत्रे पाठवून मित्रामित्रांत फूट पाडत होती. हे कागदोपत्री सिद्ध झालेले आहे. ज्या घरात हे घडले त्या घरातल्या मुलाने लिफ्टपाशी गोळ्या खाल्ल्यावर योगायोग मानावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. वॉलेसच्या कुटुंबाने लॉस एंजेलिस शहरावर दावा लावला तेव्हा २००५ मध्ये न्यायाधीशांना आढळले की पोलिसांनी कागदपत्रे दडवली होती, आणि तो खटला तिथेच रद्द करून नव्याने चालवावा लागला. पुढे २०१० मध्ये दावा निकालात निघाला, पण कागद दडवणाऱ्याने संशयाला एकदा खतपाणी घातले की ते रोप नंतर उपटून निघत नाही. माझे वडील पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यात वाढले. कोण माणूस पीदेला, त्यांच्या गुप्त पोलिसांना, खबर देतो याची कुजबुज करतच त्यांची पिढी मोठी झाली होती. त्यामुळे पंचनाम्यातले वाक्य ऐकून त्यांनी नुसते "हं" म्हटले होते. त्या "हं"मध्ये अविश्वास होता आणि त्याला कारण होते. माझ्या रेनकोटाला जागा मिळाली ती त्या "हं"मध्येच.

मोठी माणसेही सोड्याच्या बाटलीला भुलतात, हे मला २००८ मध्ये वाचायला मिळाले. लॉस एंजेलिस टाइम्ससारख्या वर्तमानपत्राने त्या मार्चमध्ये १९९४ च्या हल्ल्याचा कट उलगडल्याचे सांगणारा लेख छापला. आधार एफबीआयच्या कागदपत्रांचा. दहा दिवसांत त्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि पुढे लेख मागे घ्यावा लागला, कारण ती कागदपत्रे बनावट होती. संशय येण्याचे एक कारण असे की ती टाइपरायटरवर टंकलेली होती आणि एफबीआयने टाइपरायटर कधीच सोडून दिले होते. हे वाचताना मला माझे रात्रपाळीचे टेबल आठवले. आमच्या खोलीतले टाइपरायटरचे कुटणे, वर उडणारी 'र'ची खीळ, शाईने काळी झालेली बोटे. असा कागद माझ्या हातात आला असता तर अक्षरांची ओळख पटून मी त्याच्यावर जास्तच विश्वास ठेवला असता.

संध्याकाळी विसर्जनाला निघालो. पाऊस थांबला होता. फटाक्यांचा धूर खाली बसला होता आणि माटोळीतली फळे मुलांनी वाटून घेतली होती. त्यांच्या गावालाही खाडी आहे, बांध आहे. मूर्ती पाण्यात गेल्यावर पाटावर वाळू घेऊन सगळे परत फिरले. मी आणि भाचा मागे राहिलो. त्याने मोबाइलवर मला २०१२ सालची एक फीत दाखवली. कॅलिफोर्नियातल्या एका संगीत महोत्सवात, मरून सोळा वर्षे होत आलेला टुपाक उघड्या अंगाने रंगमंचावर आला आहे, हजारो लोकांना हाक मारतो आहे. तो तिरक्या पारदर्शक पडद्यावर पडलेल्या प्रतिबिंबाचा खेळ होता, हे भाच्याला ठाऊक होते. १८६२ मध्ये लंडनमध्ये पेपर नावाच्या गृहस्थाने काचेवर भूत दाखवले होते, तीच ती युक्ती, असेही त्यानेच मला सांगितले. "कळटा मामा, तो खरो न्हय तें," तो म्हणाला. "पूण पळोवपाक बरें दिसता." मग दुपारचे त्याचे बोलणे कितपत मनापासून होते, हे मी विचारले नाही.

त्याऐवजी मी त्याला मानशीची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांत ती मी कोणालाही पूर्ण सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. उजेड, शाळा, सोड्याची बाटली, उसवलेला रेनकोट, पाच पैसे, सगळे सांगितले. रेनकोट मला दिसला नव्हता हे वाक्य तोंडातून निघायला वेळ लागला, आणि निघाले तेव्हा ते फारच छोटे वाटले. भाचा बराच वेळ गप्प होता. त्याने टी-शर्टची कड बोटाभोवती गुंडाळली, सोडली. पलीकडच्या बांधावर कोणीतरी टॉर्च घेऊन मानशीकडे चालले होते. ओहोटी लागली होती.

मग त्याने विचारले, "पूण मामा, मागीर ताका मारलो कोणें?"

आणि माझ्या जिभेवर एक नाव आले. वेगळे, इतक्या वर्षांत कधी न उच्चारलेले, पावणी जिंकलेल्या तटातले. सगळे त्याच्याशी बरोबर जुळत होते. मी त्या टॉर्चकडे पाहत राहिलो आणि म्हणालो, "चल, घरी वाट पाहत असतील."